बिडवे गुरुजींची रेघ

बिडवे गुरुजी मला आवडत नव्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी त्यांच्याविषयी चार बरे शब्द लिहिले तर बाई म्हातारपणी हळव्या झाल्या असं कुणी म्हणायला नको.

अहमदपूरपासून दोन कोसांवरच्या एका गावात आम्ही तीन वर्षं एकाच शाळेत नोकरी केली. सातवीपर्यंतची शाळा, चार खोल्या, पाच शिक्षक. मी मुखेडची, नवीनच लागलेली, मराठी आणि इतिहास शिकवायची. हजर झाले त्या दिवशी हेडमास्तरांसमोर बसून रजिस्टरवर सही करत होते, तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून आवाज आला.

"चुका किती?"

"साडेतीन, गुरुजी."

"एका चुकीला दोन. मग साडेतीनला?"

"सात."

"पक्कं?"

"हाव, गुरुजी."

मग छडी वाजायला लागली. मी न ठरवता मोजल्या. सात झाल्या आणि आवाज थांबला. हेडमास्तर खाली मान घालून म्हणाले, "बिडवे गुरुजी. सध्या समप्रमाण चालू आहे."

रीत बरोबर आणि उत्तर चुकलं तर अर्धी चूक, रीतच चुकली तर पूर्ण. आपल्या वाट्याला किती येणार ते पोरानं आधी स्वतः काढायचं. तो हिशेब चुकला तर तीही एक चूक धरली जायची. यात सरपंचाचा पोरगा, हेडमास्तरांचा भाचा, कुणाला सूट नव्हती. गावाला हे फार न्यायाचं वाटे. एकदा सरपंच माणिकराव पोराच्या पाठीवरचे वळ बघून तणतणत शाळेत आले होते. गुरुजींनी पोराला पुढं उभं केलं आणि म्हणाले, "चुका चार हायत, वळ आठ. मोजून घ्या. नऊ निघाले तर नववा मला मारा." माणिकरावांनी खरोखर मोजले आणि मुकाट्यानं परत गेले.

दिसायला माणूस उंचापुरा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, पांढरं धोतर, आणि पोत्यांची हमाली केल्यासारखे हात. उजव्या भुवईवर एक खोल खूण होती. घर उदगीरचं, भुसाराच्या दुकानाचं. लहानपणी गिऱ्हाइकासमोर यांनी सांगितलं होतं की आपल्या तराजूची दांडी एका बाजूला झुकते. बापानं हातातलं वजन फेकून मारलं. ती खूण त्याची. हे ते अगदी सहज सांगत. बापाचा राग त्यांना आला नव्हता, दांडीचा आला होता. मला वाटतं त्या दिवसापासून त्यांनी माणसांवरचा विश्वास काढून आकड्यांवर ठेवला.

"आकडा सांग, गोष्ट सांगू नको," हे त्यांचं पालुपद. पोरगं म्हणायला लागलं की गुरुजी, काल घरी पाहुणे आले होते म्हणून, की यांनी हात वर केलाच. आकडा. फक्त आकडा.

मी एकदा त्यांच्या वर्गात शिरून छडी हिसकावून घेतली होती. मला राग आला की मी पुढचं-मागचं बघत नाही. गुरुजी शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्या वर्गात पोरं हसतात. माझ्या वर्गात शिकतात."

"तुमच्या वर्गात पोरं मुततात, गुरुजी," मी म्हणाले.

ते हसले. मी त्यांना हसताना बघितलं ते तेवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी छडी आणली.

पण शिकवायचे कसे, तेही सांगायला पाहिजे. चढ शिकवायचा म्हणून त्यांनी शाळेची बांबूची शिडी भिंतीला लावली. भिंतीपासून शिडीचा पाय किती दूर ते मोजलं, डोकं किती उंच ते मोजलं, आणि उंचीला अंतरानं भागायला लावलं. मग लहान शिडी आणून तिचं उत्तर तेवढंच येईल अशी लावून दाखवली. दोन्ही शिड्या एकमेकींना समांतर. पोरं बघतच राहिली. मीही व्हरांड्यातून बघत होते, आणि आपल्याला शाळेत हे कुणी असं दाखवलं असतं तर, असं मनात आलंच. तेवढ्यात व्यंकट नावाचं एक पोरगं बोललं, "गुरुजी, कशीबी लावली तरी माणूस वर जातोयच की."

गुरुजींनी शिडीचा पाय भिंतीपासून लांब ओढला आणि म्हणाले, "जा."

चौथ्या पायरीवर शिडीचा पाय सरकला. व्यंकटची हनुवटी पायरीवर आपटून फाटली. रक्त बघून पोरी किंचाळल्या. गुरुजींनी त्याला खांद्यावर टाकलं आणि भर उन्हात दोन कोस चालत अहमदपूरच्या दवाखान्यात नेलं. वाटेत त्याला विचारलं म्हणे, "चढ कमी केल्यावर काय झालं?" तो तोंडातलं रक्त गिळत म्हणाला, "पाय सरकला." "हां. आता इसरायचा न्हाईस." व्यंकट आता मोंढ्यात आडत्या आहे. हनुवटीची खूण दाखवून हा किस्सा रंगवून सांगतो, आणि लोक हसतात. मला अजून हसू येत नाही.

मग ते कोरडं साल आलं. लातूर जिल्हा नवा झाला होता. जुन्या जिल्ह्याचे कागद नव्या जिल्ह्यात यायचे होते, आणि टँकरसाठी अर्ज कुठं द्यायचा यावरच पारावर आठवडाभर वाद चालले. लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. गावात प्यायच्या पाण्याची विहीर एकच उरली, शाळेसमोरची. तिचे झरे आटले होते. होतं तेवढंच पाणी.

गुरुजींनी सातवीच्या वर्गाला कामाला लावलं. रोज प्रार्थनेआधी मंगल नावाच्या मुलीनं दोरीला दगड बांधून विहिरीच्या तळाला सोडायचा, ओला झालेला भाग बोटांनी मोजायचा आणि आकडा सांगायचा. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर गुरुजींनी आडव्या रेघेवर दिवस आणि उभ्या रेघेवर बोटं मांडली होती. रोज गेरूचा एक ठिपका. ठिपके जोडले की एक सरळ रेघ खाली उतरायची. दिवसाला चार बोटं. आज चार, उद्या चार, परवा चार.

"पाणी किती हाय हे येड्यालाबी दिसतं," ते पोरांना सांगत. "किती चालीनं चाललंय ते बघा. ती चाल म्हंजे हा उतार. रेघ अशीच खाली नेली तर जिथं टेकंल, त्या दिवशी विहीर खाली."

गाव त्या भिंतीशी थांबायला लागलं. अक्षर न येणारी माणसं रेघेवरून बोट फिरवून दिवस मोजत. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज द्यायचा तर गुरुजींच्या रेघेची नक्कल सोबत जोडायची असं ठरलं. मला आठवतं, त्या दिवसांत मी पहिल्यांदा त्यांना मनातून नमस्कार केला होता.

आणि एके दिवशी रेघ मोडली. मंगलनं आकडा सांगितला तो आठ बोटांनी कमी. दुसऱ्या दिवशीही आठ. तिसऱ्या दिवशी मी शेजारच्या वर्गात हजेरी घेत होते, तेव्हा तिचा आवाज ऐकला. "गुरुजी, तिथं खाली हिरीत..."

"आकडा."

"पण गुरुजी..."

छडी टेबलावर आपटली. "आकडा, मंगल."

"आठ बोटं, गुरुजी."

चौथ्या दिवशी भिंतीवरची रेघ दुरूनही मोडलेली दिसत होती. आधी उतरण, मग घसरण. महिनाभर पुरेल म्हणत होतो ते पाणी पंधरवड्यात संपणार. भिंतीसमोर सगळं गाव जमलं. माणिकरावांनी विचारलं, "गुरुजी, असं कसं झालं?"

गुरुजी छडीनं रेघ दाखवत म्हणाले, "गाव तेवढंच हाय, घागरी तेवढ्याच. मग उतार दुप्पट का? दुसरं कुणीतरी गावाएवढंच पाणी उपसून राहिलंय."

"नवीन कोण आलंय गावात?" गर्दीतून कुणीतरी बोललं.

नवीन आली होती ती देगलूरच्याही पलीकडची, दुष्काळी कामावर खडी फोडणारी सात बिऱ्हाडं. रस्त्याच्या कडेला पालं टाकून राहिली होती. संध्याकाळी बिऱ्हाडाला दोन घागरी पाणी न्यायची त्यांना गावानंच परवानगी दिली होती. पण रस्ता दाबायला पाणी लागतं, पिपं भरून नेत असतील, असं एकजण म्हणाला आणि तेवढ्यानं ते खरं झालं.

"कधी आले हो ते?"

गुरुजींनी भिंतीवरच्या तारखा बघितल्या. रेघ मोडली त्याच्या आदल्याच दिवशी. ते म्हणाले, "दिवस जुळतोय."

बस, एवढंच म्हणाले. पण ते बिडवे गुरुजींनी म्हटलं होतं, आणि बिडवे गुरुजी एक छडी जास्त मारत नाहीत हे गावाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना पालातला यल्लप्पा विहिरीवर आला. तिशीचा माणूस, सोबत बायको चिन्नक्का, तिच्या डोक्यावर घागरी. कामावरून तसाच आला होता, हातोडा कमरेला. वीस-पंचवीस जण दबा धरून होतेच. मी आणि गुरुजी शाळेच्या व्हरांड्यात होतो. शाळा सुटून गेली होती.

"पिपं कुठं हायत?"

"पिपं लेदु सामी, न्हाईत. दोनच घागरी. दोनच," यल्लप्पा दोन बोटं दाखवत राहिला.

पहिली काठी पोटरीवर बसली. मग किती बसल्या ते कुणी मोजलं नाही. चिन्नक्काच्या घागरी फोडल्या, तिला केसाला धरून बाजूला फेकलं. कुणीतरी त्याच्या कमरेचा हातोडा काढून घेतला. त्याचा उजवा हात विहिरीच्या कठड्यावर दाबून धरला आणि त्याच्याच हातोड्यानं तीनदा मारलं. तो ओरडला तसा आवाज मी माणसाचा कधी ऐकला नव्हता. मी पायऱ्या उतरून धावले, तर माणिकरावांच्या पुतण्यानं मला ढकलून दिलं. "बाई, तुमचं काम न्हाई हे."

मी उठून मागं बघितलं. बिडवे गुरुजी व्हरांड्यात हाताची घडी घालून उभे होते. छड्या मारून झाल्यावर त्यांचा चेहरा व्हायचा तसाच होता, शांत. त्या क्षणी माझ्या हातात काही असतं तर मी त्यांच्या डोक्यात घातलं असतं.

पोलीस येऊन गेले. गाव म्हणालं, पाय घसरून विहिरीच्या कठड्यावर पडला. यल्लप्पाही तेच म्हणाला, कारण काम गावाच्या हद्दीत होतं. मला कुणी विचारलं नाही आणि मी आपण होऊन सांगितलं नाही. याची लाज मला अजून वाटते.

तीन दिवसांनी, मी जिच्याकडं भाड्यानं राहायचे ती काशीबाई पाणी घेऊन आली आणि धापा टाकत बसली. मी म्हणाले, ते 'चोर' यायचे थांबले तरी पाणी तसंच उतरतंय की हो. पालातली माणसं तेव्हापासून विहिरीकडं फिरकली नव्हती, मैलभर लांबच्या ओढ्यात झिरे उकरत होती.

"उतरंल न्हाई तर काय," काशीबाई म्हणाली. "अर्ध्या हिरीत आता खडकच हाय. एकाच अंगाला पाणी. जुन्या लोकांनी खाली खडक लागला म्हून अर्धीच खंदली. आठ दिस झाले, आमी सगळ्या बाया एकाच कडंला दाटी करून शेंदून राहिलोत. दिसत न्हाई का तुमाला?"

दिसत नव्हतं. माझं पाणी ती आणायची. गावातल्या पुरुषांचं पाणी त्यांच्या बायका आणायच्या. आणि गुरुजी भिंत बघत होते.

मी तशीच उठून शाळेत गेले. दुपारची सुट्टी होती. गुरुजी भाकरी खात होते. मी सांगितलं. वरची विहीर रुंद, खाली निम्मी. पाणी तेवढंच काढलं तरी खाली दुप्पट उतरणार. त्यांना दुसरं वाक्य सांगायची गरज पडली नाही. घास हातातच राहिला. मग त्यांनी मंगलला बोलावलं.

"मंगल, हिरीत खडक उघडा पडलाय?"

"हाव, गुरुजी."

"कधीपासनं?"

"आठ बोटं झाली त्या दिवसापासनं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

हात तिनं आधीच पुढं केला होता, मार खायला. "सांगणार होते, गुरुजी. तुमी म्हनले, आकडाच सांग."

गुरुजींनी तिचा पुढं आलेला हात बघितला. मग विहिरीवर गेले. धोतराचा काचा मारून पायऱ्यांनी खाली उतरले आणि त्या कोरड्या खडकावर उभे राहून वितीनं रुंदी मोजली. एकदा मोजली, पुन्हा मोजली. वर आले तेव्हा गुडघे खरचटून रक्त येत होतं.

संध्याकाळी पारावर सगळे बसले होते. गुरुजी समोर उभे राहिले आणि म्हणाले, "रेघ खरी हाय. पाणी पंधरवड्यातच संपंल. पण चोर कुणी न्हाई. खाली हीर निम्मी हाय, म्हून उतार दुप्पट. मी रेघ बघितली, हीर बघितली न्हाई. गलती माझी हाय. त्या माणसाचा हात माझ्यामुळं गेला, आन तुमच्यामुळंबी."

शेवटचे दोन शब्द त्यांनी गिळायला हवे होते असं हेडमास्तर नंतर म्हणाले. पण गुरुजी बेरीज अर्धी सोडणारे नव्हते. पहिली चप्पल माणिकरावांच्या पुतण्यानं मारली. मग बाकीचे उठले. ज्यांनी तो हात कठड्यावर दाबून धरला होता तेच पुढं होते. चोर नव्हताच हे ऐकणं त्यांना परवडणारं नव्हतं. गुरुजींनी हात उचलला नाही. एवढे मोठे हात, पण दोन्ही खाली. दोन दात गेले, भुवई पुन्हा फुटली. मी आणि काशीबाईनं त्यांना उचलून घरी आणलं. मी हळद दाबत होते आणि रडत होते. तेव्हा माझा राग गेला नव्हता, पण मी रडत होते.

दुसऱ्या दिवशी सुजलेल्या तोंडानं ते अहमदपूरला चौकीवर गेले आणि मारणाऱ्यांची नावं लिहून दिली, यल्लप्पाला मारणाऱ्यांची. सगळ्यात वर स्वतःचं नाव. फौजदारानं विचारलं, "गुरुजी, तुम्ही हात लावला होता का?" ते म्हणाले, "हात लावला न्हाई. पत्ता मी सांगितला." त्या कागदाखाली मग मीही सही केली. पुढं काही फारसं झालं नाही. गावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. टँकर आला तेव्हा त्यांच्या घागरीपुढं लोकांच्या घागरी आपोआप सरकत.

छडी त्यांनी सोडली असं लिहायला मला आवडलं असतं. सोडली नाही. पण उगारलेली छडी मध्येच थांबायची आणि ते पोराला म्हणायचे, "बोल, काय सांगणार होतास?" पोरं इतकी घाबरलेली असायची की बोलायची नाहीत. मग ते खिडकीशी जाऊन उभे राहायचे.

रविवारी ते पालांकडं जात. पहिल्या वेळी पायलीभर ज्वारी घेऊन गेले. चिन्नक्कानं खडीचा दगड उचलून मारला, तो छातीवर बसला. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. तिनं पुन्हा मारला. मी विचारलं, "कशाला जाता? ती माफ करणार नाही."

"माफी मागायला कोण जातंय, बाई. हात किती वळतो ते बघायला जातो."

हात वळला नाही. दवाखान्यात दोनदा नेऊनही चार बोटं काटकुळी, वाकडीच राहिली. मूठ होत नव्हती. हातोडा धरायचं म्हटलं तर निसटून पडायचा. यल्लप्पा दिवसभर पालाच्या सावलीत बसून राही आणि चिन्नक्का दोघांच्या वाटणीची खडी फोडी.

रस्त्याचं काम पुढं सरकलं तेव्हा मीही बदली मिळवून मुखेडला निघाले होते. सकाळची एसटी फाट्यावर थांबली होती, मी खिडकीशी बसले होते. पलीकडं ट्रकमध्ये त्या सात बिऱ्हाडांचं सामान चढत होतं. बिडवे गुरुजी तिथं आले. यल्लप्पाचं गाठोडं उचलून ट्रकमध्ये ठेवायला वाकले, तेवढ्यात यल्लप्पा समोर येऊन उभा राहिला. त्यानं त्यांच्याकडं बघितलं. आधी उजवा हात उचलला, तो खाली घेतला, आणि मग डाव्या हातानं त्यांच्या गालावर सणसणीत मारली. फाट्यावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. गुरुजी हलले नाहीत. यल्लप्पानं दुसरी मारली नाही. गाठोडं डाव्या हातानं ओढत नेलं, दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा चिन्नक्कानं वरून ओढून घेतलं. ट्रक निघून गेला.

आमची गाडी सुटेपर्यंत गुरुजी तिथंच उभे होते. गालाला त्यांनी हात लावला नाही.